शेवटच्या तासाचे मास्तर

“शी! असं मरतेत का कुणी?”

आमचे थोरले मास्तर हे वाक्य पोरांना म्हणायचे. तोंड असं वाकडं करायचे की जणू कुणी त्यांच्या ताटात पाल टाकली आहे. मग उपरण्याच्या टोकानं दोन्ही हात पुसायचे. हाताला काही लागलेलं नसायचं. शाळेपासून दर्ग्याच्या टेकाडापर्यंत पोरांची रांग पळत निघालेली असायची आणि त्यात एखादं पोर दुसऱ्याचा हात सोडून पडलेलं असायचं. तेवढ्यावरून हा उद्गार.

“बोटं कामून धरलास? बोटं निसटतेत. मनगट धर, मनगट! तू मेलास, हा बी मेला. उठा आता, पुन्हा पहिल्यापासून.”

मेलेली दोन्ही पोरं हसत उठायची आणि पुन्हा शाळेकडे पळायची.

अशा तिरसट माणसाशी तुमचीही कुठं तरी गाठ पडली असेल. त्याच्याजवळ बसवत नाही, आणि त्याचं म्हणणं खरं असल्यामुळे तो अधिकच नकोसा होतो. मी त्यांच्या हाताखाली दुसरा मास्तर होतो. निजामाच्याच मुलखातल्या कल्याणहून नवी नेमणूक होऊन आलो होतो. उर्दू चांगली होती, अक्षर त्याहून चांगलं होतं आणि दोन्हींचा मला गर्व होता. निजामाच्या राज्यातली ती शाळा, म्हणजे शिक्षण उर्दूतून. गाव इकडच्या मेहकरच्या पलीकडे, मांजरा नदीच्या काठावर. घरात मराठी, बाजारात कानडी, कचेरीत उर्दू, असा सगळा कारभार. शाळा भरायची ती नदीकडच्या उतारावरच्या एका जुन्या पडवीत. गाव आणि शाळा यांच्यामध्ये एक ओढा होता. उन्हाळ्यात त्यात शेळ्या बसायच्या.

मास्तर दिवसभर हुकमाप्रमाणे पुस्तक शिकवायचे. शेवटच्या तासाला पुस्तक मिटायचे आणि मराठीत सुरू व्हायचे. वीज कडाडायला लागली तर हातातला विळा लांब टाकायचा, झाडाखाली जायचं नाही, पाय जुळवून उकिडवं बसायचं. कडब्याच्या गंजीला आग लागली तर वाऱ्याच्या कुठल्या अंगानं पळायचं. अंगावरच्या कपड्यानं पेट घेतला तर पळायचं नाही, मातीत लोळायचं. पावसाळ्यात खुरपणी चालू असताना आभाळ गडगडलं, की शेताशेतात पोरं बेडकासारखी बसलेली दिसायची आणि बायका हसून हसून लोटपोट व्हायच्या.

पण त्यांचा खरा विषय पूर. खिडकीत त्यांनी काचेची एक बरणी ठेवली होती. तिच्यात आदल्या वर्षीच्या पुराचं पाणी होतं. खाली काळा गाळ, मध्ये कसलेसे धागे, वर साय. महिन्यातून एकदा ते बरणीचं झाकण काढून ती प्रत्येक पोराच्या नाकाखाली धरायचे.

“पूर म्हंजे पाणी न्हाई रे. पाणी दिसतंय, पण ते पाणी न्हाई. गावानं वर्षभर जे जे टाकलं ते सगळं घरात परत येतं. मेलेलं ढोर, हागणदारी, साप, सगळं. तेच आडात जातं, तेच तुम्ही पिता. हुंगा. हुंग म्हणतो ना!”

एक-दोन पोरं ओकायची. मीही एकदा बाहेर जाऊन ओकलो. मास्तर स्वतःसुद्धा बरणी धरताना हिरवे-पिवळे व्हायचे. त्यांचं घर फार सोवळ्याचं. त्यांना दुसऱ्याच्या तांब्याचं पाणी चालत नसे, ओला टॉवेल शिववत नसे. अशा माणसाला ही घाणच का शिकवावीशी वाटते, हे मला कळत नव्हतं. मला त्यांची किळस यायची. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

टेकाडावर पळायच्या कवायतीत त्यांनी पोरांच्या जोड्या लावल्या होत्या. मोठं पोर आणि लहान पोर. जोड्या लावताना त्यांनी फक्त अंगातला जोर पाहिला. शाळेत सगळ्यात दांडगा आणि पोहणारा पोरगा लखू. तो वेशीबाहेरच्या वस्तीतला. तो एरवी पडवीच्या कडेला, पायरीवर बसायचा. सगळ्यात किरकोळ पोर म्हणजे पाटलांचा नातू शिवराज. मास्तरांनी लखूच्या हातात शिवराजचं मनगट दिलं.

पाटील दुसऱ्याच दिवशी शाळेत आले. बसले नाहीत.

“मास्तर, पोरगं जेवीना झालंय. दूध दिलं तर म्हणतंय, यात साप हाय. काय शिकवायलाव तुम्ही?”

“जगायचं शिकवायलोय.”

“अन् ते हात धरायचं?”

“हात न्हाई, मनगट.”

“मस्करी करू नका. दुसरं पोर न्हाई का शाळेत?”

“पोहणारं न्हाई,” मास्तर म्हणाले आणि उपरण्यानं हात पुसू लागले. पाटलांना वाटलं, हे आपल्याकडे बघून पुसतायत. खरं खोटं मला माहीत नाही.

पाटील तिथून निघून माझ्या खोलीवर आले. “धाकटे मास्तर, तुमची उर्दू झकास हाय म्हणतेत. चार ओळी लिहून द्या.”

मी दिल्या. नाव पाटलांचं आणि इतर सहा-सात जणांचं, अक्षर माझं. घाणेरडं बोलून हे मास्तर मुलांचे अखलाक, म्हणजे चालचलन, बिघडवत आहेत, मुलं आजारी पडत आहेत, पुस्तक बाजूला राहतं, असं सगळं नीट लिहिलं. मनगटाचा त्यात उल्लेख नव्हता. तो कुणी कागदावर लिहीत नसतं. मला कुणी धमकी दिली नव्हती की लालूच दाखवली नव्हती. अर्ज चांगला उतरला म्हणून मी तो दोनदा वाचून पाहिला, इतकंच आठवतं.

महिन्याभरात मोहतमीम साहेब तपासणीला आले. सगळ्या तालुक्याच्या शाळा त्यांच्या हाताखाली होत्या. त्यांनी खुर्चीवर बसून पुस्तक चाळलं आणि गोड आवाजात विचारलं, “मास्टर साहब, इसमें सैलाब किस सफे पर है?” पूर कुठल्या पानावर आहे?

मास्तर म्हणाले, “सफे पर नहीं साहब, खिडकी में है.”

खिडकीतून नदी दिसत होती. पण खिडकीत बरणीही होती. साहेबांची नजर बरणीवर गेली, त्यांनी रुमाल नाकाला लावला आणि तपासणी संपली. ठोका वाजवून पोरांना बाहेर पळवायचं नाही, पुस्तकाबाहेर बोलायचं नाही, असा लेखी हुकूम निघाला. बरणी शिपायानं उकिरड्यावर ओतली. तो हुकूम फाइलीत लावायचं काम माझ्याकडे होतं.

मास्तरांनी हुकूम पाळला. शेवटच्या तासाला ते पाढे घेऊ लागले. पोरं हिरमुसली. टेकाडावरच्या दर्ग्याचा म्हातारा मुजावर, ज्याची दुपारची झोप या कवायतीनं नेहमी मोडायची, तो एकदा शाळेत येऊन विचारून गेला, “बच्चे क्यों नहीं आते अब?”

त्या वर्षी भाद्रपदात आमच्याकडे चांगलं ऊन पडलं होतं. पाऊस झाला तो वर, उगमाकडे. आम्हाला काही माहीत नव्हतं. दुपारी मी हिशेब घालत होतो. मास्तर खिडकीशी उभे राहिले ते हललेच नाहीत. मी जवळ गेलो. नदी गढूळ झाली होती, पण पावसाळ्यात ती असतेच. त्यांनी बोट दाखवलं. पाण्यावर फेस होता आणि फेसातून एक आख्खं छप्पर चाललं होतं.

ते कोपऱ्यातल्या लोखंडी तुकड्याकडे वळले. तो वाजवला की पोरं पळायची.

मी म्हणालो, “मास्तर, हुकूम आहे.”

“हुकूम तुम्ही सांभाळा,” ते म्हणाले. “मी पोरं सांभाळतो.”

त्यांनी ठोका दिला. पोरांनी एका क्षणात जोड्या धरल्या. दोन महिने सराव नव्हता, तरी कुणाला सांगावं लागलं नाही. बाहेर आलो तर ओढ्यात नदीचं पाणी उलटं चढत होतं. गावात जायची वाट बंद झाली होती. टेकाडाकडे जायला ओढ्याचा एक फाटा ओलांडावा लागे. त्यात मोठ्या पोरांच्या मांड्यांपर्यंत पाणी होतं, लहानांच्या कमरेच्या वर. मास्तर मधोमध उभे राहून एकेक जोडी पुढे ढकलत होते आणि ओरडत होते, “शी! हळू! पायाखाली बघ! तोंड मिट, ते पाणी तोंडात जाऊ देऊ नकोस!”

शिवराजचे पाय सुटले. पोर चिंधीसारखं आडवं झालं आणि धारेला लागलं. लखूही ओढला गेला, पडला, गटांगळी खाल्ली, पण मनगट सुटलं नाही. चार हातांवर तो एका बाभळीला अडकला आणि मास्तरांनी दोघांना ओढून काढलं. मी कुठं होतो? मी पहिल्या जोडीबरोबर टेकाडावर पोचलो होतो.

बेचाळीस पोरं होती. मास्तरांनी दर्ग्याच्या ओट्यावर त्यांना उभं करून तीनदा मोजलं, तिन्ही वेळा पुरी भरली. तोवर खाली शाळेची पडवी बसली. आवाजसुद्धा फार झाला नाही.

दुसऱ्या दिवशी ओढा उतरला आणि पोरं घरी गेली. शिवराजच्या मनगटावर लखूच्या पाच बोटांचे काळेनिळे वळ उठले होते. पाटलिणीनं त्यावर हळद लावली. पण हळद लावण्याआधी तिनं त्याला आंघोळ घातली आणि गोमूत्र शिंपडलं, कारण विटाळ झाला होता. मी तिथंच बसलो होतो, चहा पीत. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

तिसऱ्या दिवशी पिण्याच्या पाण्याच्या बारवेत एक वासरू फुगून तरंगत असलेलं दिसलं. सगळं गाव नाकाला धोतर लावून काठावर उभं. आत कुणी उतरेना. पाटलांनी वेशीबाहेर निरोप पाठवला. तिथली सगळी घरं पुरानं नेली होती. लखूचा बाप आला तो चिखलानं माखलेला.

“पाटील, म्हातारी सापडंना झालीय माझी. तिला हुडकायलोय. वासराचं मागनं बघतो.”

“मागनं? अन् गावानं काय प्यावं तवर? तुझं काम हाय का न्हाई ते?”

मास्तर माझ्या शेजारी होते. त्यांनी उपरणं काढून माझ्या हातात दिलं.

“जा तू, तुझी माय बघ,” ते त्याला म्हणाले आणि पायऱ्या उतरू लागले. अर्ध्या पायऱ्यांवर त्यांना ओकारी झाली. तोंड पुसलं, आणखी उतरले, पुन्हा ओकले. काठावरून कुणी तरी हसलं. मग ते कमरेएवढ्या पाण्यात शिरले, वासराच्या पायाला दोर बांधला. वर दोर ओढायला मुजावर आणि त्याचा मुलगा एवढेच. कातडी सुटून यायला लागली होती. मास्तरांनी ते खालून छातीनं रेटत रेटत वर आणलं. माझ्या हातात त्यांचं उपरणं होतं. ते मी नाकाला लावून उभा होतो.

वर आल्यावर ते म्हणाले, “हे पाणी आता उकळल्याशिवाय कुणी प्यायचं न्हाई. सगळं उपसायला पाहिजे.”

कुणी उपसलं नाही. गावाला वेगळीच काळजी पडली होती. सोवळ्या घरातला माणूस मेलेल्या जनावराला शिवला आणि तसाच बारवेत उभा राहिला, तेव्हा बारव बाटली. भटजींना बोलावून मंत्र झाले, थोडं गंगाजल ओतलं, आणि त्याच दिवशी संध्याकाळी बायका घागरी भरून घेऊन गेल्या. आठवड्यात पटकी आली. मास्तर दारोदार जाऊन “उकळा, उकळा” सांगत होते, आणि लोक त्यांना उंबऱ्याबाहेर थांबवत होते. शाळेतली पोरं मात्र घरात भांडण करून उकळलेलं पाणी प्यायली. त्यातल्या दोघांच्या आया गेल्या. लखूच्या बापाची म्हातारी सापडलीच नाही.

पटकी ओसरल्यावर मोहतमीम साहेब पुन्हा आले. चावडीपुढं मांडव घातला. गावातली मुलं वाचवल्याबद्दल पाटलांना सनद मिळाली. मुलांनी टाळ्या वाजवल्या, कारण वाजवायला सांगितलं होतं. पाटलांच्या वतीनं आभाराचं भाषण मी वाचलं. लिहिलंही मीच होतं. मांडव सुटल्यावर शिपायानं मास्तरांच्या हातात बदलीचा कागद दिला. हुकूम मोडल्याबद्दल औरादच्याही पलीकडे, तेलुगू मुलखाला लागून असलेल्या एका खेड्यात. त्यांना तेलुगूचं अक्षर येत नव्हतं.

त्यांना न्यायला गावातून कुणी गाडी दिली नाही. मुजावरानं दिली. सकाळी मी गेलो तेव्हा ते वळकटी बांधत होते. मला राहवेना.

“मास्तर, तुमच्याविरुद्धचा तो अर्ज मी लिहिला होता.”

“ठाऊक आहे.” त्यांनी मान वर केली नाही. “साहेबांनी दाखवला होता. उर्दूतलं तुमचं ऐन अक्षर ओळखू येतं, शेपूट लांब काढता.”

“मग बोलला का नाहीत?”

“काय बोलायचं? अक्षर चांगलं होतं.” त्यांनी गाठ आवळली. “पोरांचं अक्षर तेवढं सुधारा. मला कधी जमलं न्हाई ते.”

ते रागानं म्हणाले असते तर बरं झालं असतं. त्यांनी वळकटी गाडीत टाकली, स्वतः चढले. वेशीबाहेर, जिथं वस्ती होती आणि आता नुसता चिखल होता, तिथं लखूचा बाप नवं कूड उभं करत होता. त्यानं हातातलं काम खाली ठेवलं आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत उभा राहिला. मी गाडीमागं तेवढंसुद्धा गेलो नाही.

पुढं ते कुठं गेले, कधी वारले, मला कळलं नाही. निजामाचं राज्य गेलं, शाळा मराठी-कानडी झाल्या, कागदपत्रं इकडची तिकडे झाली. चौकशी करता आली असती. मी केली नाही.

मास्तर गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी पाटलांच्या ओसरीवर शाळा भरली. थोरल्या मास्तरांची जागा मला मिळाली होती. पाटलांनी माझ्यासाठी घरातली एक चांगली खुर्ची बाहेर काढून ठेवली होती, आणि पोरं उठून उभी राहिली. लखू त्या दिवशी आला नाही, नंतरही आला नाही. मी हजेरीत त्याच्या नावापुढं रेघ मारली आणि खुर्चीवर बसलो. सहा वर्षं बसलो.