दगडातली सवत

जित्या सवतीशी निदान कडाकडा भांडता तरी येतं. तिच्या स्वयंपाकाला नावं ठेवता येतात, ती म्हातारी झाली की मनातल्या मनात हसता येतं. मेलेल्या सवतीचं काय करायचं? तिचे दात पडत नाहीत, ती घोरत नाही, तिचं कधी काही चुकत नाही. थॉर्नलीच्या हवेलीतली हेस्टर अशा बाईवर अर्धं आयुष्य जळत राहिली, आणि जळण्याची तिची ताकद दांडगी होती हे कबूल केलंच पाहिजे.

हेस्टर जन्मली ती गावाच्या खालच्या अंगाला, कातडी कमावणाऱ्या पास्कच्या घरी. त्या घराचा वास असा की पाव विकणारासुद्धा लांबूनच हाक मारायचा. बारा-तेरा वर्षांची झाली तशी आईने तिला घासूनपुसून हवेलीत कामाला धाडलं. हवेली सर गर्व्हेस थर्लबींची. त्यांच्या वडिलांनी राजाकडून बॅरोनेट ही पदवी मिळवली होती, बापामागे मुलाने 'सर' लावायचं अशी. ती पदवी सांभाळणं, शिकारीची कुत्री पाळणं आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना आपल्यापेक्षा खालच्या बाकावर बसवणं, यापलीकडे सर गर्व्हेसनी जन्मात फारसं काही केलं नाही.

त्यांची बायको लेटिस. हेस्टरचा हात हलका, म्हणून लेटिसने तिला धुण्यावरून उचललं आणि आपले केस विंचरायला ठेवलं. बाई स्वभावाने चांगली होती, खोटं कशाला बोला? जुने झगे, एका बोटाला उसवलेले हातमोजे, उरलेला केक, सगळं हेस्टरला द्यायची. पण हेच तर हेस्टरच्या डोळ्यांत खुपायचं. जे मिळायचं ते दुसरीच्या अंगावरून उतरलेलं. सर गर्व्हेस खोलीत आले की बायकोच्या खांद्यावर हात ठेवून दोन शब्द बोलायचे, आणि मागे कंगवा घेऊन उभ्या असलेल्या पोरीकडे खुर्चीकडे बघावं तसं बघायचे. हेस्टर तेव्हापासून त्या माणसावर जीव टाकून होती. का, ते विचारू नका. अशा गोष्टींना का नसतं.

लेटिस चौथ्या बाळंतपणात गेली. पाठोपाठ राजा आणि पार्लमेंट यांच्यातली लढाई पेटली. पार्लमेंटचे शिपाई थॉर्नलीत घुसले, त्यांनी तळघरातली बिअर संपवली, हरणं मारून खाल्ली आणि भिंतीवरची सगळी चित्रं अंगणात जाळली. लेटिसचं एकुलतं एक चित्र त्यातच गेलं. नोकरचाकर पांगले. हेस्टर तेवढी राहिली. तिने पोरांना गवताच्या गंजीत लपवलं, सलगमाच्या पाण्यावर जगवलं. लढाई संपल्यावर सर गर्व्हेसनी घरात बाई हवी म्हणून तिच्याशी लग्न केलं. पास्कची पोर लेडी थर्लबी झाली. गावाने नाकं मुरडली. पाद्र्याची बायको तर रुमाल नाकाला लावून तिला अभिवादन करायची.

हेस्टरला त्याचं काही वाटलं नाही. तिला वाटलं, आता माणूस आपला झाला. कसला झाला! जेवायला बसलं की लेटिस हजर. "लेटिस खिडकी उघडी ठेवायची." "लेटिसच्या आवाजात गोडवा होता." नासपतीचा मुरंबा चाखून एकदा म्हणाले की लेटिसच्या हातची चव याला नाही. आता लेटिसने उभ्या आयुष्यात चुलीचं तोंड पाहिलं नव्हतं. तो मुरंबा तेव्हाही हेस्टरच करायची, आताही तीच करत होती. हेस्टरच्या अंगाचा तिळपापड झाला, पण ती मुरंबा वाढत राहिली. त्यातून तिची कूस काही उजवली नाही. लेटिसची पोरं मोठी झाली, तिला 'मॅडम' म्हणत राहिली आणि लंडनला निघून गेली.

नवा राजा गादीवर आला आणि सर गर्व्हेसना आपल्या थडग्याची घाई झाली. त्यांच्यासारख्यांत ते जिवंतपणीच करून ठेवायची पद्धत, मेल्यावर पोरं पैसे वाचवतात म्हणून. बर्टनहून अँब्रोज ट्विग नावाचा मूर्तिकार पांढऱ्या मऊ दगडाच्या शिळा घेऊन आला आणि त्याने धान्याच्या कोठारात बस्तान मांडलं. कागदावरचा नकाशा सर गर्व्हेसनी जेवणाच्या टेबलावर पसरून दाखवला. वर चिलखत घालून ते स्वतः निजलेले. शेजारी, खांद्याला खांदा लावून लेटिस. खाली ओळीने गुडघे टेकलेली पोरं. आणि पोरांच्याही मागे, पायथ्याच्या कोपऱ्यात, वीतभर उंचीची गुडघे टेकलेली हेस्टर.

"वंश जिने दिला ती शेजारी," ते म्हणाले. "रीतच आहे ती." आणि चीजचा तुकडा कापायला लागले.

हेस्टरने कागदावरचा तो कोपरा बोटाने झाकून पाहिला. तुम्ही म्हणाल, दगडाचं काय एवढं? पण पाद्री दर रविवारी सांगायचा की शेवटच्या दिवशी कर्णा वाजेल आणि मेलेली माणसं जिथल्या तिथे उठून बसतील. हेस्टरचा त्यावर अक्षरन् अक्षर विश्वास, आणि तिच्या हिशेबी थडग्यावर जो जसा कोरला तो तसाच उठणार. म्हणजे तिचा नवरा डोळे उघडणार आणि कूस बदलून बघणार लेटिसकडे, आणि ही कोपऱ्यात, नोकराणीसारखी, पुन्हा कंगवा हातात घ्यायला तयार! जिवंतपणी जागा मिळाली नाही ती नाहीच, वर अनंतकाळ हाच तमाशा बघायचा. ती रात्रभर तळमळली.

चारेक दिवसांनी ट्विगने विचारलं की थोरल्या बाईसाहेबांचा चेहरा कसा होता. चित्र जळालेलं. पोरांवरून काढावा तर पोरांवर सगळा थर्लबींचाच शिक्का, तेच बटाट्यासारखं नाक. सर गर्व्हेसना विचारलं तर म्हणाले, सुंदर होती. डोळे कसे? सुंदर. कपाळ? तेही सुंदर. मग वैतागून म्हणाले, "हेस्टरला विचार. इतकी वर्षं केस विंचरायची तिचे, तिला पाठ असेल." आणि कुत्री घेऊन निघून गेले.

पाठ तर होताच. हनुवटी जराशी आत गेलेली, भुवया इतक्या विरळ की हेस्टरच काजळी लावून त्या काढायची, वरचा ओठ लांब. लेटिस दिसायला बरी होती, बस्स. कोठारात उपड्या बादलीवर बसून हेस्टरच्या मनात पहिल्यांदा आलं की हिला चांगली कुरूप करून टाकावी, घोड्यासारखे दात द्यावेत. पण तेवढं सर गर्व्हेसना कळलं असतं आणि त्यांनी तो चेहरा फोडून दुसरा करायला लावला असता.

मग तिने तोंड उघडलं. कपाळ रुंद, म्हणाली. गालाची हाडं वर. डोळे खोल, पापण्या जड. हनुवटी पुढे, आणि तिच्यावर डाव्या बाजूला खळी. ट्विग मातीचा गोळा दाबत ऐकत होता. मध्येच त्याचा हात थांबला. त्याने मातीकडे बघितलं, मग बाईकडे, मग पुन्हा मातीकडे. माणूस धूर्त होता, मोठमोठ्या घरांतून काम करून तयार झालेला.

"बाईसाहेब," तो खाली बघत म्हणाला, "जरा उजेडाकडे तोंड करून सांगाल का?"

हेस्टर उठली आणि दारापाशी उजेडात जाऊन बसली. पुढे रोज बसली. सुरकुत्या तेवढ्या ट्विगने आपणहून गाळल्या.

दगड तयार होत गेला तशी तिच्या मनाची गंमतच झाली. आधी वाटायचं, झाली फजिती सवतीची, नाव तिचं आणि उठेन मी. मग भीती वाटायला लागली की सर गर्व्हेस ओळखतील आणि हाकलून देतील. आणि काही दिवसांनी तीच भीती आशा झाली. ओळखावं त्यांनी. रागवावं, हात उगारावा, साऱ्या गावासमोर अब्रू काढावी, पण ओळखावं की ही हेस्टर आहे. माणूस कशाकशाची आस धरेल काही सांगता येत नाही.

मूर्ती चर्चमध्ये बसवली त्या दिवशी ट्विगने वरचं पोतं काढलं. सर गर्व्हेस पुढे झाले. मग त्यांनी टोपी काढली, दगडाच्या गालावर हात ठेवला आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. अख्ख्या संसारात हेस्टरने त्या माणसाला रडताना पाहिलं नव्हतं.

"अगदी तीच," ते म्हणाले. "लेटिस, तुला मी काही म्हणजे काही सुख दिलं नाही गं. घरात तुझ्यासारखं माणूस होतं आणि मी कुत्र्यांच्या मागे हिंडत राहिलो."

हे शब्द ऐकायला हेस्टरने सारा जन्म कान टवकारून काढला होता. ते तिच्याच तोंडाकडे बघून बोलले गेले, आणि दुसरीला बोलले गेले. तिला राहवेना. मागून येऊन तिने नवऱ्याची बाही धरली.

"नीट बघा," ती म्हणाली. "तो चेहरा माझा आहे. मी माझाच सांगितला त्याला. लेटिस अशी नव्हती."

सर गर्व्हेसनी तिच्याकडे पाहिलं. खरोखर पाहिलं, कपाळापासून हनुवटीपर्यंत, आणि मग दगडाकडे पाहिलं. ट्विग छिन्नी पुसत उभा होता. सर गर्व्हेस रागावले नाहीत. उलट त्यांना तिची कीव आली असावी, कारण त्यांनी तिच्या हातावर हळूच थोपटलं.

"असं वेडंवाकडं बोलू नये, हेस्टर," ते म्हणाले. "लेटिस देखणी होती."

ते गेल्यावर ट्विगने दबक्या आवाजात विचारलं की कोपऱ्यातल्या मूर्तीचं काय करायचं, चेहरा कुणाचा देऊ. हेस्टर म्हणाली, कुणाचाच नको, ओंजळीत तोंड घातलेली दाखव. त्याने तशीच घडवली. लोक म्हणतात, धाकटी किती भाविक होती बघा.

पुढे दर रविवारी उपासना संपली की सर गर्व्हेस थडग्यापाशी थांबायचे आणि त्या गालावरून हात फिरवायचे. हेस्टर बाकावरून बघायची आणि जळायची. आता ती कुणावर जळत होती ते तिचं तिलाच ठाऊक. लेटिसचं नाव तिने नंतर कधी काढलं नाही. एका रविवारी मात्र ती उठली, सगळ्यांदेखत नवऱ्याचा हात दगडावरून उचलला आणि आपल्या गालावर धरला.

त्यांनी हात तिथेच ठेवून जरा विचार केला.

"गाल तापलाय तुझा," ते म्हणाले. "घरी जाऊन पड." आणि काठी टेकत दाराकडे निघून गेले.