मुसळआत्याशी केलेला सौदा

मुसळआत्या कानात सांगायला लागली तरी ते पलीकडच्या आळीत ऐकू जायचं. सारा जन्म कांडणाच्या धपधपाटावरून बोलण्यात गेलेला. हळू बोलणं तिच्या घशाला ठाऊकच नव्हतं. आमच्या गडब गावातल्या साऱ्या सुना भात कांडायला तिच्या अंगणात जमायच्या आणि उखळाभोवती आत्याचं राज्य चालायचं.

त्या राज्यावर मी चाल केली. बायकोच्या पाटल्या मोडल्या, रोह्याच्या एका व्यापाऱ्याशी दिवेलागणीपर्यंत घासाघीस करून डिझेलचं इंजिन आणलं आणि गावात पहिली भातगिरणी घातली. पेढे वाटले. पेढे संपले, पण भात घेऊन कोणी येईना. आत्यानं फर्मान काढलं होतं, "यंत्राचा तांदूळ अंगाला लागत नाय."

मी तणतणत तिच्याकडे गेलो. "आत्या, सुनांच्या हातांना घट्टे पडलेत, ते दिसत नाहीत तुला?"

"दिसतात रे मेल्या. पण कांडायच्या निमित्तानं तरी त्या घराबाहेर पडतात. उद्या दादले सायकलीवर पोतं टाकून तुझ्याकडं येतील आन् ह्या बसतील चुलीपाशी. मग बोलायचं कुणी कुणाशी?"

भल्याभल्यांना मी सौद्यात रडवलं आहे. त्या दिवशी पाटल्या आठवून मीच नरमलो. "बोल, काय पाहिजे?"

"बाईमाणसानं आणलेलंच भात भरडायचं. बसायला ओटा बांध. आन् घाई करायची नाय."

लगेच गिरणीपुढे रांग लागली. पोती घेऊन आलेल्या पुरुषांना मी परत पाठवायचो आणि वर त्यांच्या शिव्या खायचो. तांदूळ घटकेत निघायचा, पण सुना ओट्यावरून हलायच्या नाहीत. घरी सासूनं "इतका वेळ कुठं होतीस गो?" विचारलं तर काय सांगायचं, तेही आत्यानं पढवलं होतं: "इंजिनाचा पट्टा तुटला."

झालं! माझा पट्टा रोज तुटू लागला. पेणच्या बाजारात अनोळखी माणसं मला थांबवून विचारायची, "काय शेठ, आज तुटला का?"

पुढे वीज आली. मोटर बसवायची म्हणून मी इंजिन विकायला काढलं. नागोठण्याचं गिऱ्हाईक म्हणालं, "तेच ना, पट्टा तोडणारं? भंगाराच्या भावात देत असाल तर बोला."

माझं डोकं फिरलं. त्याला तसाच ओट्यापाशी ओढत नेला. नेमक्या त्या दिवशी दोन सासवाही तिथं आलेल्या.

"आत्या, सांग ह्याला खरं काय ते!"

सुनांचे चेहरे पांढरेफटक पडले. आत्यानं सासवांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हायवेवरच्या ट्रकवाल्यांनाही कळेल अशा आवाजात म्हणाली, "तुटायचा तर! रोज तुटायचा मेला!"

माझ्या ओठांवर सणसणीत शिवी आली होती. ती गिळून मी म्हणालो, "हो. तुटायचा."

इंजिन भंगारात गेलं.

पुढे आत्याही गेली. तिला पोहोचवून आलो तेव्हा रडलो, पण राग काही गेला नाही. त्या सुना आता स्वतःच सासवा झाल्या आहेत, कुणाचं काही बिघडणार नाही, म्हणून एकदाचं लिहून टाकतो: तो पट्टा कधीच तुटला नव्हता.