मीटर एक, चुली सात

शरद भावोजी गेल्याची बातमी मला खिदिरपूरहून कळली. खरं तर ते राहायचे आमच्या समोरच्या दारात, बालीगंजच्या याच इमारतीत, याच मजल्यावर. पण दर मंगळवारसारखे त्या मंगळवारीही ते सकाळीच खिदिरपूरला गेले, नूरजहाँच्या शिलाई मशीनशेजारच्या स्टुलावर बसले, अर्धा कप चहा प्यायले, आणि... फोनवर ती एवढंच म्हणाली, "दीदी, साहब उठ नहीं रहे।" मी पोळ्या लाटत होते. तिच्याकडे माझा नंबर कसा, हा प्रश्नसुद्धा तेव्हा पडला नाही. नंतर कळलं, माझा फोन लागला नाही तर वहिनींना करा, असं सांगून भावोजींनी तो गल्लीभर वाटून ठेवला होता. न विचारता, अर्थातच.

आज त्याला दीड महिना झाला. ह्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा दीर. ह्यांची बँकेतली बदली कोलकात्याला झाली, आणि पाठोपाठ भावोजीही इथल्या सरकारी वीज कंपनीत इंजिनीअर म्हणून आले. बदल्यांची माणसं तीन वर्षांत परत जातात, आम्ही तिघं राहूनच गेलो. भावोजींनी लग्न केलं नाही. स्थळं मीही कमी आणली नाहीत, पण प्रत्येक वेळी ते म्हणायचे, "वहिनी, तुमच्या आमटीची सवय मोडेल." समोरचा फ्लॅट घेतला तेव्हा मी हौसेने त्यांना गॅसची शेगडी भेट दिली. ती खोक्यातून बाहेर आलीच नाही. सकाळी आठ आणि संध्याकाळी साडेसात, या दोन वेळांना आमची बेल वाजायची. बाजारात गंधराज लिंबं दिसली की दोन खिशात घालून आणायचे आणि न बोलता ओट्यावर ठेवायचे. आभार मानायची त्यांची तीच पद्धत होती.

निवृत्तीला वर्षभर राहिलं असताना त्यांच्या कंपनीने एक नवं काम काढलं. विजेचे खांब आपलेच आहेत, तर त्यांच्यावरून फायबर न्यायची आणि वस्त्यांमधल्या घराघरांत स्वस्तात इंटरनेट द्यायचं. खासगी कंपन्या टॉवर आणि मॉलपाशी थांबत होत्या, गोदीच्या मागच्या गल्ल्यांत शिरत नव्हत्या. खिदिरपूरचा तो भाग भावोजींकडे आला. मला समजवायला त्यांनी फायबरचा एक तुकडाच घरी आणला. केसाएवढी काचेची तार, तिच्यातून उजेड धावतो म्हणे. मी म्हटलं, उजेड धावू दे, पण तुकडा माझ्या पोह्यांत पडू देऊ नका. त्या दिवसांत ते पंचवीस वर्षांचे दिसायचे.

आता चूक सांगते. ती वीज कंपनीचा माणूसच करू जाणे. कुठल्या गल्लीत किती घरं, हे त्यांनी कचेरीत बसून मीटरच्या यादीवरून ठरवलं. एक मीटर म्हणजे एक घर. त्या हिशेबाने तार आली, जोडण्या वाटायच्या पेट्या आल्या, खांबांवर चढल्यासुद्धा. पहिल्या दिवशी एका दुमजली घरात जोडणी देऊन ते खाली उतरले, तर जिन्याखालच्या खोलीतून एक बाई बाहेर आली आणि तिने विचारलं, "साहब, हमारा कब लगेगा?" ती नूरजहाँ. त्या घरात सात कुटुंबं भाड्याने राहत होती. वीज सगळ्यांची एकाच मीटरवर. जोडणी मालकाच्या खोलीत लागली होती, आणि त्याने दार ओढून घेतलं होतं. नूरजहाँची मुलगी मोबाईलवर शिकवणीचा वर्ग बघायची, तो सारखा अडकायचा, म्हणून बाई महिनाभर या जोडणीची वाट बघत होती.

त्या संध्याकाळी भावोजी ताटावर बसले, पण भात तसाच राहिला. "वहिनी," ते म्हणाले, "मी घरं मोजलीच नाहीत. मीटर मोजले." एक गल्ली नव्हे, सगळाच भाग तसा मोजला गेला होता. वरच्या साहेबांनी सल्ला दिला होता की आत्ता काम पूर्ण झाल्याचं कळवा, उरलेल्यांचं पुढच्या टप्प्यात बघू. पुढचा टप्पा म्हणजे काय, हे नोकरीत मुरलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. भावोजींना मात्र लिहून द्यायचं होतं की पाहणी चुकली, माझ्याकडून चुकली, काम अपुरं आहे.

आणि मी काय केलं? मी चिडले. शेवटची बढती तोंडावर आली होती. हात दाखवून अवलक्षण कशाला, असं म्हटलं. एवढ्यावर थांबले असते तर बरं होतं. मी म्हणाले, "स्वतःचा संसार नाही, तुम्हाला काय कळणार घरं कशी मोजतात?" भावोजी हात धुऊन उठले. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला बेल वाजली नाही, साडेसातलाही नाही. इतक्या वर्षांत तो एकच दिवस.

तिसऱ्या दिवशी आले, लिंबं ठेवली, जेवले. तो विषय आम्ही दोघांनीही पुन्हा काढला नाही. पत्र त्यांनी दिलं होतं. बढती गेली. मग निवृत्तीपर्यंत रोज दुपारी ते वही घेऊन खिदिरपूरच्या दारोदार फिरले. घरं किती, असं विचारायचेच नाहीत. विचारायचे, "यहाँ हाँडी कितनी चढ़ती है?" चूल वेगळी तर घर वेगळं. नवी यादी गेली, भांडाभांडी झाली, जादा पेट्या आल्या. नूरजहाँच्या खोलीत जोडणी लागली, ती त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात. तिची मुलगी आता कॉलेजात आहे. निवृत्तीनंतरही तार नीट चालते का बघायला म्हणून ते मंगळवारी जात राहिले. तार उत्तम चालत होती, हे त्यांना ठाऊक होतं.

गेल्या आठवड्यात मी त्यांचा फ्लॅट आवरायला घेतला. शेगडीचं खोकं तसंच होतं, वर माझ्याच हातची रिबीन. त्याच्यावर ती वही. पानापानावर त्यांचं तिरकं अक्षर... मीटर एक, चुली सात. मीटर एक, चुली चार. पहिलं पान मात्र खिदिरपूरचं नव्हतं. रकाने नीट बसतात का बघायला त्यांनी आधी आमची इमारत लिहून पाहिली होती. वर तारीख होती. माझ्या बोलण्याच्या दुसऱ्या दिवसाची.

वही आता माझ्या स्वयंपाकघरात आहे, पोह्यांच्या डब्याशेजारी. त्या पानावर त्यांच्या फ्लॅटपुढे लिहिलंय: मीटर एक, चूल नाही, माणसं शून्य. आणि आमच्यापुढे: मीटर एक, चूल एक, माणसं तीन. त्या दिवशी ते जेवायला आले नव्हते.