दोन टक्क्यांची खोली

पडदा वर जातो. दोन खोल्यांचं घर. चौघं जेवताहेत, उरलेले ताटं रिकामी व्हायची वाट पाहताहेत. न्हाणीच्या दाराशी, पालथ्या बादलीवर, नातवाची पाटी मांडीवर घेऊन एक गृहस्थ बसलेत. मंडळी, हे आमचे पडदेवाले.

आमच्या नाटक मंडळीचा पडदा तेच ओढायचे. आम्ही टाळ्या खाल्ल्या, त्यांनी दोरीची धूळ. मंडळी मोडली आणि ते पाणी खात्यात कारकून झाले. शहर पुढे किती वाढेल हे मांडायचं, हे त्यांचं काम. मला त्यांनी समजावलं होतं: वाढीचा दर एकात मिळवायचा, जितकी वर्षं तितक्या वेळा तो स्वतःशीच गुणायचा आणि आजच्या वस्तीला त्याने गुणायचं. वाढलेलेही पुढे वाढतात ना. वर्षांचा आकडा वर बारीक लिहितात, तो घातांक. नावातच घात आहे की, मी म्हटलं. ते हसले नाहीत.

त्यांना आयुष्यात एकच हवं होतं. टेकडीवरच्या टाकीजवळची राखणदाराची रिकामी खोली. एक दार, आतून कडी. निवृत्तीनंतर ती द्यायला साहेब तयार होते.

मग चोवीस वर्षांपुढचा हिशेब आला. आज वस्ती चाळीस हजार, जुनी टाकी पासष्ट हजारांना पुरणारी. दर दोन टक्के धरला तर चौसष्ट हजार, खोली वाचते. तीन धरला तर एक्क्याऐंशी हजार; नवी टाकी आत्ताच बांधायला घ्यायला हवी, आणि तिला जागा त्या खोलीचीच. जनगणनेतून निघत होते तीन. साहेब म्हणाले, दोन लिहा, तेव्हा विचारायला कोण येतंय.

त्या संध्याकाळी मी त्यांच्या घरीच होतो. पडदेवाले पाटीवर दोन लिहीत, पुसत; तीन लिहीत, पुसत. बायकोने टोमणा मारला, पाटी झिजेल, माणसं नाही झिजायची. मुलगा म्हणाला, बाबा, बादली लागेल हं आता, बाळाच्या कपड्यांना. सुनेला सातवा महिना होता.

अखेर त्यांना पानावर जागा मिळाली. सून डाव घेऊन वाकली, एक हात कमरेवर.

"बाबा, वाढू का?"

ते तिच्याकडे बघत राहिले. मग पाटी भिंतीला टेकवून ठेवली.

"वाढ, पोरी. तीन टक्क्यांनी वाढ."