पोल्ट्रीतलं डेथ मेटल आणि जहांगीरभाई

नव्वद ते दोन हजार सालाच्या दरम्यान भोरमध्ये ज्यांची लग्नं झाली, त्यांतल्या निम्म्यांच्या वरातीत जहांगीर आतार ट्रम्पेट वाजवत होते. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झुरमुळ्या, आणि गाल असे फुगायचे की लहान मुलं नवरदेवाला सोडून त्यांच्याकडेच बघत राहायची. माणूस सरळ, फक्त वाजवताना कुणी सूचना केलेली खपत नसे. एकदा नवरीच्या मामानं ‘जरा हळू’ म्हटलं, तर यांनी ट्रम्पेटचं तोंड मामाच्या कानाकडेच वळवलं.

२००४ साली कामथडीचा गोरख त्यांच्या घरी आला. पुण्यात इंजिनिअर झालेला, केस खांद्यापर्यंत. त्याच्या बहिणीच्या, प्रेरणाच्या लग्नात जहांगीरभाईंचाच बँड होता.

“चाचा, आमी चौघं मिळून गाण्यांचा अल्बम काढतोय. डेथ मेटल. पन त्यात फंक बी हाय, ढोलकी बी हाय. तुमचा ट्रम्पेट पायजे.”

“डेथ मंजी?”

“मरण.”

“आन फंक?”

गोरखनं डोकं खाजवलं. “मंजी… कंबर हलली पायजे.”

जहांगीरभाईंनी ट्रम्पेट पुसायला घेतला. आणि मंगळवारी सकाळच्या एसटीनं ते पूर्ण गणवेशात, टोपीसकट, शिवऱ्याला उतरले. कोटाला इस्त्री बायकोनं, गुलजारबींनी करून दिली होती. रेकॉर्डिंग म्हणजे फोटो निघणारच, असा दोघांचा हिशेब.

रेकॉर्डिंग होतं तिथल्या, गोरखच्या चुलत्याच्या पोल्ट्रीत. पुण्यात सोसायटीवाल्यांनी पोरांना तीन ठिकाणांहून हाकललं होतं, आणि इकडे कोंबड्यांची बॅच नुकतीच गेली होती. भिंतींना पोती ठोकलेली, मधोमध कॉम्प्युटर. कोंबड्या गेल्या तरी वास राहिला होता.

गोरख माइकसमोर उभा राहिला, छातीभर श्वास घेतला आणि डेथ मेटलच्या रिवाजानं पोटातून असा काही गुरगुरता आवाज काढला की जहांगीरभाई दोन पावलं मागं सरकले. तेवढ्यात दार धाडकन उघडलं. शेजारच्या वावरातले रखमाजी काठी उगारून उभे.

“कुठं हाय? बिबट्या कुठं हाय?”

“काका, मी गातोय,” गोरख म्हणाला.

रखमाजींनी त्याच्याकडे पाहिलं, मग लाल कोटाकडे पाहिलं. “लगीन हाय का हितं?”

“मयत हाय,” जहांगीरभाई गंभीरपणे म्हणाले. “गान्यात.”

रखमाजी काठी टेकून जे खाली बसले, ते संध्याकाळपर्यंत उठले नाहीत.

ट्रम्पेट मात्र जमेना. गाणं सात मात्रांचं. जहांगीरभाईंची उभी हयात आठ मात्रांत गेलेली. गिटारी मळणी यंत्रासारख्या धडधडत, आणि हे दर वेळी एक मात्रा उशिरा पोचत. अकरा वेळा झालं. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. जहांगीरभाईंचे कान कोटाइतके लाल झाले. त्यांनी टोपी काढून खाटेवर ठेवली.

“गानं कशाचं हाय, त्ये तरी सांगा.”

“म्हातारा मरतोय,” गोरख म्हणाला. “गाव त्याला घिऊन चाललंय.”

“मग आधी सांगायचं न्हाई का?” जहांगीरभाई उठले. “नव्वदीचं मानूस गेलं की बँड लावत्यात. म्या लई वाजवलंय. सगळी रडत असत्यात, पन पाय तालावरच पडत्यात. आन खांदेकरी बदलले, की एक पाऊल चुकतंय. आठवं पाऊल पडतच न्हाई. त्येच तुमचं सात.”

आणि त्यांनी वाजवलं. मयताची ओढ आणि वरातीचा ठुमका एकाच श्वासात. ढोलकीवाला हसायला लागला, गिटारवाला मान हलवायची विसरून कंबर हलवायला लागला. रखमाजींची काठी फरशीवर आपोआप आपटत होती. ती पुढे अल्बममध्ये तशीच राहिली.

सीडीच्या तीनशे प्रती निघाल्या. कव्हरवर पोल्ट्रीच्या दारात लाल कोटातले जहांगीरभाई, आणि नाव ‘मयतातली वरात’. घरच्या टेपला सीडी चालेना, म्हणून ते गुलजारबींना घेऊन शाकिरच्या सीडीच्या दुकानात गेले. त्या पदर सावरून स्टुलावर बसल्या आणि अख्खं गाणं न हलता ऐकलं.

“तुमी चांगलं वाजवलंय,” शेवटी म्हणाल्या. “पन मागं वरडत हुता, त्यो वाचला का?”

बहुतेक सीड्या गोरखच्या खोलीत पलंगाखाली पडून राहिल्या. रॉकवेड्या शिलाँगहून मात्र एका अनोळखी माणसाचं पत्र आलं, की लाल कोटवाले कोण आहेत, त्यांना सलाम सांगा. जहांगीरभाईंनी ते लॅमिनेट करून ट्रम्पेटच्या पेटीत ठेवलं, आणि तेव्हापासून त्यांना राहवेना.

पुढच्या उन्हाळ्यात मार्गासनीला लग्न होतं. नवरदेव मारुतीच्या पाया पडायला निघाला आणि जहांगीरभाईंनी मध्येच सात मात्रा सोडल्या. नाचणारे एकमेकांवर आदळले, घोडा थांबला, नवरदेवाचा बाप धावत आला. पण नवरदेवाची आत्या, धोंडाबाई, हात वर करून पुढं झाली. सहा पावलं टाकायची, सातव्याला गिरकी घ्यायची. बाया तिच्यामागं लागल्या, मग गडी लागले. कुणी थांबायला तयार होईना.

मांडवात पोचले तेव्हा मुहूर्त टळून वीस मिनिटं झाली होती.

“एवढा उशीर?” भटजी चिडले.

“गिरक्या लई हुत्या,” धोंडाबाई धापा टाकत म्हणाली, आणि अक्षता घ्यायला ओंजळ पुढं केली.