फौजदार काकूंची वाटी

फौजदार काकू कुणाच्या घरी गेल्या की आधी माणसांकडे बघत नसत, पातेल्यावरचं झाकण उचलत. मागच्या दाराने यायच्या, वास घ्यायच्या आणि निकाल द्यायच्या, "मीठ कमी हाय." चाखायची गरज त्यांना कधी पडली नाही. खापरखेड्याच्या वीज केंद्राच्या कॉलनीत आमचं क्वार्टर त्यांच्या क्वार्टरला लागून होतं, त्यामुळे हा लाभ मला दिवसातून अनेकदा मिळे. त्यांचे यजमान साधे फिटर होते. फौजदारकी काकूंनी स्वतःच्या कर्तबगारीवर मिळवलेली होती.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. माझी मुलगी अडीच महिन्यांची झाली आणि माझी रजा संपली. खापा गावातल्या शाळेत मी मास्तरीण. नोकरी कच्ची, आणि मुख्याध्यापकांची भाची त्याच जागेवर डोळा ठेवून बसलेली. बसने जाऊन येऊन अख्खा दिवस सरायचा, म्हणून मुलीला पावडरचं दूध सुरू करायचं ठरलं. तिला काकू सांभाळणार हेही ठरलं. म्हणजे काकूंनी ठरवलं आणि आम्हाला कळवलं.

दुधाच्या डब्यावर एका गुबगुबीत बाळाचं चित्र होतं. काकूंनी त्याच्याकडे संशयाने पाहिलं. "हे पोट्टं पावडर पेऊन फुगलं का त्याच्यात हवा भरली?" आठवडाभरात मात्र कॉलनीत या विषयावर त्यांच्याइतकं जाणकार कोणी उरलं नाही. बाटली त्या इतकी उकळायच्या की तिचं रबर माझ्यासारखं गळून जायचं. रिकामा डबा मला कधी परत मिळाला नाही. काकूंच्या फळीवर त्याच बाळाची रांग उभी राहिली. एकाच्या पोटात हळद, एकाच्या तिखट, एकाच्या साबुदाणा.

मुलगी बाटलीवर रमली. माझ्या दुधाला मात्र ही बातमी कोणी दिली नव्हती. शाळेच्या व्हरांड्यात कुणाचं मूल रडलं की इकडे माझं पोलकं भिजायचं. दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन मी भागाकार शिकवायची. एकदा मुख्याध्यापक फार मायेने म्हणाले, "बाई, तब्येत साथ देत नसेल तर घरीच आराम करा." एवढी माया त्यांनी त्याआधी कधी दाखवली नव्हती. त्या संध्याकाळी मी काकूंजवळ रडले.

"काहून सांगितलं नाई वं मले?" एवढं म्हणून काकूंनी पदर खोचला. जुन्या लुगड्याचा पट्टा छातीला करकचून बांधला, आत मोगऱ्याची फुलं घातली. सकाळ-संध्याकाळ दूध शेवटच्या थेंबापर्यंत पितळी वाटीत काढायचं. ते मोरीत टाकायचं नाही, त्यावर कुणाचा पाय पडता कामा नये. म्हणून वाटी अंगणातल्या पेरूच्या रोपाच्या मुळाशी रिकामी व्हायची. एवढी सेवा पेरूच्या वंशात कुणाची झाली नसेल. शिवाय बाळंतिणीची कंबर भरून यावी म्हणून रोज मेथीचा लाडू होताच. मोगऱ्याने अडवायचं आणि लाडवाने भरायचं, असा दुहेरी कारभार चालू होता.

दूध थांबेना. काकूंनी दोष उदारपणे वाटून दिला. नागपूरच्या इतवारी बाजारातल्या फुलवाल्याने मोगरा शिळा दिला होता, पट्टा धुऊन सैल झाला होता, आणि माझ्या नवऱ्याची नजर वाईट होती. नवरा बिचारा शिफ्टवर होता. मग माझ्या छातीत गाठ आली, ताप भरला, आणि मी नागपूरला डॉक्टरीणबाईंकडे गेले.

"दूध किती काढता?" त्यांनी विचारलं.

"सगळं."

"म्हणून तर येऊन राहिलं ना. जेवढं काढाल तेवढं बनते. आता हळूहळू कमी करा, हलकं वाटण्यापुरतंच काढा. दुखलं तर ओलं थंड फडकं ठेवा. अन् हा पट्टा आधी सोडा." त्यांनी तापावर औषध दिलं. लाडूही बंद सांगितले.

घरी येऊन मी म्हटलं, "काकू, आपणच वाढवून राहिलो होतो." काकूंनी मुलगी माझ्या हातात दिली आणि निघून गेल्या. पुढचे काही दिवस त्या मुलीला सांभाळत होत्या, पण आमच्या पातेल्यावरचं झाकण त्यांनी उचललं नाही. घर मला ओळखू येईना.

एका संध्याकाळी मी ओठ दाबून थोडंसंच दूध काढत होते. काकूंना राहवलं नाही. "सगळं काढ वं. आत सडते ते."

"डॉक्टरीणबाई नाही म्हणाल्या, काकू."

त्या उंबऱ्यावर बसल्या. "माही पोरगी गेली ना, तवा दूध तसंच राहिलं. सासू म्हणे, लेकरूच नाई तं दुधाचं काय. कोनी हात लावला नाई मले. सगळं पिकलं. मंग दवाखान्यात चिरून काढलं." त्या म्हणाल्या, "मंग काही झालंच नाई मले."

या बाईला मूल नाही, एवढंच कॉलनीला माहीत होतं. मूल होऊन गेलं हे कुणालाच माहीत नव्हतं. मी वाटी त्यांच्या हातात दिली. "तुम्हीच काढा काकू. पण मी सांगितलं की थांबायचं." आयुष्यात कुणाचं न ऐकलेल्या काकू त्या दिवशी मी म्हटल्याबरोबर थांबल्या.

वाटी रोज थोडी कमी भरू लागली. एक दिवस तळही ओला झाला नाही. काकूंनी ती विसळली, फळीवर पालथी घातली आणि आमच्या वरणावरचं झाकण उचललं. "मीठ कमी हाय."

नोकरी टिकली. भाचीला दुसरीकडे कुठंतरी मास्तरीण व्हावं लागलं. वर्षभराने माझ्या नवऱ्याची बदली झाली. ट्रक भरून झाला तेव्हा सगळी कॉलनी निरोपाला आली, काकू आल्या नाहीत. ट्रक सुरू झाल्यावर त्या क्वार्टरच्या मागच्या दाराने आल्या आणि ट्रकच्या खिडकीतून एक डबा माझ्या मांडीवर ठेवला. त्यावर तेच गुबगुबीत बाळ होतं. आत मेथीचे लाडू होते.

"आता खाय," त्या म्हणाल्या. "आता काही दूध येत नाई तुले."

कॉलनीचं फाटक ओलांडायच्या आतच मी एक लाडू फोडला. मेथी फार कडू आहे, म्हणून डोळ्यांत पाणी आलं, असं मी नवऱ्याला सांगितलं.