ए ग्रुपचा हट्ट

एसटी सुटली तेव्हा आई खिडकीखाली उभी होती, पदराचा बोळा गालाला लावून. दाढ ठणकत होती. म्हणाली, "दातांचा डागदर हो. ही दाढ तूच काढायची. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची न्हाई मी."

चिंचवडला काकांच्या खोलीत उतरलो. काका कंपनीत माल तपासायचे. चांगल्या मालावर 'ए', खोट असलेल्यावर 'बी'. माणसंही ते तशीच मोजत. घरमालक कायम बी.

अकरावी सायन्सच्या प्रवेशाला कॉलेजच्या कारकुनाने माझा अर्ज वाचला. दंतवैद्य व्हायचंय, असं मी लिहिलं होतं. त्याने त्यावर बी ग्रुप लिहिला.

"बी कशाला? मार्क कमी आहेत?"

"तुमच्यासारख्यांना बी ग्रुपच देतात."

माझं डोकं फिरलं. खेड्यातला म्हणून लायकी काढतो काय? तासभर भांडलो, त्याला बोलू दिलं नाही. शेवटी त्याने कंटाळून खोडलं. "घ्या राव, ए घ्या. मग परत येऊ नका."

काकांनी पेढे आणले.

शेजारच्या वर्गात मुलं बेडूक कापायला लागली तेव्हा कळलं. ए म्हणजे गणित, बी म्हणजे जीवशास्त्र. दातांच्या कॉलेजला बीच लागतं. परत गेलो, तर बीच्या जागा भरलेल्या. त्या माणसाला एक वाक्य नीट सांगणं जड होतं का? हा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

पुढे कॉलेज सोडलं, लेथवर उभा राहिलो. आज तळवड्याला स्वतःची शेड आहे. भल्याभल्या पर्चेस ऑफिसरांना मी भावात नमवतो. पण घरी पत्रात इतकी वर्षं एकच लिहीत आलो, "शिक्षण चालू आहे."

गेल्या साली आईचा जबडा सुजला, तेव्हा तिला चिंचवडला आणलं. डॉक्टरांनी तोंड उघडून पाहिलं. "आजी, इतके दिवस का थांबलात?"

"पोरगं शिकत हुतं ना."

सगळे दात काढावे लागले. खोलीवर आल्यावर मी तिला खरं सांगितलं. तिने तोंडातला कापूस काढला आणि विचारलं, "म्हंजी ए चांगलं नव्हतं व्हय रं?"

ती गावी परतली. तिथे कुणाला काही बोलली नाही.

तुमच्यातले जे माझ्यासारखे गाव सोडून बाहेर पडले, ते दिवाळीला घरी जातात. मी टाळतो. स्टँडवर उतरलो की पारावरून हाक येते, "काय डागदर, कवा आलात?" कुणाशीही तासभर भांडणारा मी तिथे मान हलवतो आणि खाली बघून घराकडे चालू लागतो.